शब्दांचे लिंग ठरवितो कोण?

पेन हरवले म्हणावे की हरवला? ई-मेल आला की आली? असले प्रश्न हल्ली घरोघर निघतात, आणि घरातील ज्या वडीलधाऱ्या माणसास थोडेबहुत संस्कृत येते त्याच्यापुढे निवाड्यासाठी येऊन पडतात. त्याने व्याकरणाचे एखादे कलम दाखवावे आणि तंटा मिटवावा, अशी मुलांची अपेक्षा असते. प्रस्तुत लेखात आम्ही निवाडा देणार नाही; हा निवाडा कोणत्या न्यायासनापुढे होतो एवढे मात्र दाखविण्याचा विचार आहे. सोलापूरकरांस हा विषय विशेष जिव्हाळ्याचा वाटावा. येथे एकेका आळीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार भाषा शेजारधर्माने नांदतात, आणि चौघींच्या घरी लिंगाची व्यवस्था चार तऱ्हांची आहे.

प्रश्न नवा नाही. दोन सहस्र वर्षांपूर्वी पतंजलीने महाभाष्यात तो सविस्तर चर्चिला आहे. शरीरावरील खुणांवरून लिंग ठरते असे म्हणावे, तर खाटेचे काय करावयाचे आणि झाडाचे काय? ‘खट्वा’ स्त्रीलिंगी आणि ‘वृक्ष’ पुल्लिंगी. परंतु खाटेच्या ठिकाणी स्त्रीत्वाची व झाडाच्या ठिकाणी पुरुषत्वाची खूण कोणी पाहिली आहे? पुष्कळ खल केल्यावर भाष्यकारांचा कल असा दिसतो की, लिंग ही शास्त्राने शिकविण्याची बाब नव्हे. ती लोकांच्या बोलण्यावर अवलंबून आहे. ह्याच भाष्यकारांनी अन्यत्र कुंभाराचा दृष्टान्त दिला आहे. घट पाहिजे असल्यास मनुष्य कुंभाराच्या घरी जातो आणि घट करून मागतो. पण शब्द पाहिजे म्हणून वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘मला दोन शब्द घडवून द्या’ असे कोणी म्हणत नाही. व्याकरण हे टिपून ठेवणारे शास्त्र आहे, हुकूम सोडणारे नव्हे, ही जाणीव आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे. मराठी व्याकरणाच्या तासास ती पुष्कळदा वर्गाबाहेर ठेवली जाते, ही गोष्ट वेगळी.

लिंगाचा वस्तूशी संबंध किती थोडा असतो हे पाहावयाचे असल्यास संस्कृतातील पत्नीवाचक शब्द घ्यावेत. ‘भार्या’ स्त्रीलिंगी, हे ठीकच. पण ‘कलत्र’ नपुंसकलिंगी, आणि ‘दार’ हा शब्द तर पुल्लिंगी असून नेहमी बहुवचनी चालतो! एकाच गृहिणीच्या वाट्यास तिन्ही लिंगे आली. इंग्रजांनी ह्यावर हसण्याचे कारण नाही. त्यांच्या जुन्या भाषेत ‘वीफ’, म्हणजे आजचे ‘वाइफ’, हा शब्द नपुंसकलिंगी होता. आणि ज्याच्यापासून आजचा ‘वुमन’ हा शब्द झाला तो ‘वीफमन’ पुल्लिंगी होता, कारण त्याचे उत्तरपद ‘मन’ हे पुल्लिंगी. त्या काळच्या इंग्रजीत सूर्य स्त्रीलिंगी व चंद्र पुल्लिंगी होता. अकराव्या शतकापासून चौदाव्यापर्यंत शब्दांची अन्त्यरूपे झिजत गेली आणि त्यांच्याबरोबर लिंगेही गेली. आज इंग्रजीत लिंग उरले आहे ते केवळ तो, ती, ते ह्या सर्वनामांत, आणि जहाजास ‘ती’ म्हणणाऱ्या जुन्या खलाशांच्या तोंडात. जर्मनांनी मात्र तिन्ही लिंगे जपली. त्यांच्याकडे ‘मुलगी’ ह्या अर्थाचा नित्याचा शब्द नपुंसकलिंगी आहे. का, तर त्याच्या शेवटी लहानपणा दाखविणारा प्रत्यय आहे आणि तो प्रत्यय ज्यास लागेल तो शब्द नपुंसक. आपणांस हे चमत्कारिक वाटते. पण लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू ही आपली मंडळी तरी कोणत्या लिंगात बसली आहेत?

आता मराठीकडे येऊ. दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामले ह्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ १९११ साली. दोघांनीही लिंगविचारास पाने दिली आहेत. शब्दाच्या शेवटावरून लिंग ओळखण्याचा नियम आमच्या वाचकभगिनींस पुस्तकाशिवायच ठाऊक आहे, कारण तो स्वयंपाकघरात मांडून ठेवलेला असतो: हंडा आणि हंडी, सुरा आणि सुरी, डबा आणि डबी, गोळा आणि गोळी. आकारान्त ते पुल्लिंगी व थोर, ईकारान्त ते स्त्रीलिंगी व लहान. पाणी, लोणी, मोती, हत्ती असे अपवाद आहेत, आणि माला, विद्या, शाळा हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आकारान्त असूनही स्त्रीलिंगी राहिले आहेत.

खरी मौज परभाषेतून शब्द येतो तेव्हा. पोर्तुगीज भाषेत ‘बटाटा’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, कारण त्या भाषेत आकारान्त नामे बहुधा स्त्रीलिंगी असतात. तो आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि पुल्लिंगी झाला. त्याचे मूळ लिंग कोणते, ह्याची चौकशी करावयास आपल्या आजीची आजी कोणा पाद्र्याकडे गेली नाही. शेवट ‘आ’ दिसला, तिने त्यास हंड्याच्या व डब्याच्या ओळीत बसविले: एक बटाटा, चार बटाटे, बटाट्याची भाजी. ‘माला, विद्या’ ही संस्कृत ओळही तिच्यापुढे होतीच. ती तिने घेतली नाही. दोनशे मैलांवरून आलेल्या पदार्थांचीही तीच गत. कन्नड भाषेत ‘दोसे’ आणि ‘इड्लि’ ही दोन्ही नामे नपुंसकलिंगी आहेत. मराठी घरात येताच डोसा तो झाला आणि इडली ती झाली. डोसे झाले, इडल्या झाल्या. अलीकडे इटलीहून आलेला पिझ्झाही मुकाट्याने त्याच पंक्तीस बसला आहे.

शेवटावरून बोध होत नाही तेव्हा लोक शब्दाचे कूळ पाहतात. मोटार, सायकल, बस, ट्रेन ह्यांच्या शेवटी लिंगाची काही खूण नाही. पण ह्या सगळ्या गाड्या, म्हणून सगळ्या स्त्रीलिंगी. रिक्षा आकारान्त असूनही गाडीच्या ओढीने स्त्रीलिंगी झाली. टांगा मात्र आकारास चिकटून राहिला. आमच्या सोलापुरात कापडगिरणी बंद पडून कैक वर्षे लोटली, तरी ‘जुनी मिल’ हे ठिकाणाचे नाव कायम आहे. तेथे ‘मिल’ स्त्रीलिंगी का, तर ‘गिरणी’ स्त्रीलिंगी म्हणून. बँक स्त्रीलिंगी, कारण पेढी स्त्रीलिंगी. हा नियमही सर्वत्र लागू पडतो असे कोणी समजू नये. टाक पुल्लिंगी, लेखणी स्त्रीलिंगी, आणि दोघांच्या जागी आलेले पेन बहुतेकांच्या तोंडी नपुंसकलिंगी! ट्रक पुल्लिंगी का, ह्याचे ‘तो बोजा वाहतो म्हणून’ असे उत्तर आम्ही ऐकले आहे. त्यात आम्हांस फारसे तथ्य वाटत नाही.

समासात तर निकाल सरळ आहे. द्वंद्व व तत्पुरुष समासांचे लिंग उत्तरपदाप्रमाणे असते, हा पाणिनीचा नियम मराठी माणूस न शिकता पाळतो. आगगाडी, आगपेटी, आगबोट ह्या आगीमुळे नव्हे, गाडी, पेटी व बोट ह्यांच्यामुळे स्त्रीलिंगी. ‘कपबशी फुटली’ असे आपण म्हणतो. बशी शाबूत असून नुसता कप फुटला असला तरीही पुष्कळ घरी असेच म्हणतात. आमच्या गावाचे नाव नपुंसकलिंगी आहे तेही उत्तरपद ‘पूर’ ह्याच्यामुळे. पूर्वपदाविषयी मात्र लोकांनी एक कथा रचली आहे: सोळा खेड्यांचे पूर ते सोलापूर. शिलालेखांचा पुरावा तिच्या विरुद्ध आहे. सिद्धेश्वरांच्या काळच्या लेखांत गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे येते, आणि मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत लेखात ‘सोनलिपूर’ असे. मधला ‘न’ गळून सोलापूर झाले असावे. लोकांस शब्दाचे लिंग बिनचूक कळते, व्युत्पत्ती मात्र क्वचितच कळते. म्हणून पहिल्या बाबतीत आम्ही त्यांस प्रमाण मानतो, दुसऱ्या बाबतीत नाही.

लोक म्हणजे कोणते लोक, हे मात्र विचारले पाहिजे. फारसी भाषेत नामास लिंगच नाही. तिच्यातील ‘आवाज’ हा शब्द मराठीत पुल्लिंगी झाला आणि हिंदीत स्त्रीलिंगी. ‘शहर’ हिंदीत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. ‘दुकान’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुन्हा नपुंसकलिंगी. संस्कृतातील ‘मृत्यु’ आणि ‘आत्मा’ हे पुल्लिंगी शब्द मराठीत पुल्लिंगीच राहिले आणि हिंदीत स्त्रीलिंगी झाले. उलट आपणही ‘वस्तु’ हा नपुंसक शब्द स्त्रीलिंगी करून टाकला आहे. ह्यांपैकी कोणी चुकले असे म्हणता येत नाही. दोन घरचे दोन कुलाचार आहेत. परंतु एका घरचा मनुष्य दुसऱ्या घरी जातो तेव्हा काय होते? आमचे सुशिक्षित मराठी लोक उत्तरेस जाऊन ‘मेरा आवाज सुनाई देता है क्या?’ असे निःशंक विचारतात. ऐकणारे गालातल्या गालात हसतात. हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांस पुढील हकीकत समजण्यास जड जाऊ नये.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. पुरुष मागावर, बायका विड्या वळावयास, आणि मुले पुष्कळदा मराठी शाळेत, अशी रीत तेथे अनेक घरांतून आहे. आम्ही नोकरीत असताना एका शाळेत पाचवीच्या वर्गात ‘माझी आई’ हा निबंध लिहावयास दिला होता. अशाच एका घरच्या मुलाने लिहिले, ‘माझे आई पहाटे उठले. माझे आई विड्या द्यायला गेले.’ वर्गावरील शिक्षकांनी तो निबंध मोठ्याने वाचून दाखविला. वर्ग पोट धरून हसला. आईविषयी लिहिलेले हसण्यावारी गेले, हे त्या मुलास फार लागले असावे. त्यानंतर कित्येक आठवडे तो वाचनास उभा राहीना. नाव पुकारले की खाली मान घालून बसे.

त्या मुलाची चूक ही अडाणीपणाची चूक नव्हती. ती तेलुगू व्याकरणाच्या दृष्टीने सर्वस्वी नियमबद्ध होती. तेलुगूत एकवचनी क्रियापदाची रूपे दोनच: पुरुष आला तर ‘वच्चाडु’, आणि स्त्री आली, गाडी आली, वासरू आले, तरी ‘वच्चिंदि’. तेलुगू वैयाकरणांनी ह्या भेदास महत् आणि अमहत् अशी संस्कृत नावे दिली आहेत. एकवचनात स्त्रीची गणना वस्तूंबरोबर होते खरी. पण अनेकवचनात तीच स्त्री पुरुषांच्या पंक्तीस जाऊन बसते. पुरुष आले, स्त्रिया आल्या, दोन्हींस ‘वच्चारु’. गाड्या आल्या त्यांस ‘वच्चायि’. तेव्हा ‘माझे आई उठले’ असे लिहिणाऱ्या मुलाने आपल्या मातृभाषेतील अमहत् मराठीत आणले आणि त्यास मराठीतील जवळचे घर म्हणजे नपुंसकलिंग दिले. एवढी तर्कशुद्ध चूक हुशार मुलाच्याच हातून व्हावयाची.

कन्नड मुलाची चूक निराळी असते, आणि तीही अशीच नियमाची. कन्नडात पुरुष आला तर ‘बंदनु’, स्त्री आली तर ‘बंदळु’, आणि मनुष्येतर सर्व काही ‘बंदितु’. तेथे निर्जीव वस्तू एकजात नपुंसक. म्हणून अक्कलकोटकडचे मूल ‘आई आली’ हे बिनचूक म्हणते, पण ‘वही फाटले’, ‘दरवाजा उघडले’ असे म्हणून जाते. त्याच्या दृष्टीने वहीस स्त्री समजणे हाच वेडेपणा! तेराव्या शतकातल्या केशिराजाने ‘शब्दमणिदर्पण’ ह्या ग्रंथात कन्नडाचे व्याकरण बांधून ठेविले आहे. ज्या मुलाच्या पाठीशी एवढी शास्त्रपरंपरा उभी आहे त्यास ‘ह्याला व्याकरण कळत नाही’ असे म्हणणारा शिक्षक स्वतः कोणते व्याकरण शिकला, हे विचारावेसे वाटते.

पुढे एकदा त्या पाचवीच्या वर्गावरील शिक्षक रजेवर असता तो तास आमच्याकडे आला. आम्ही फळ्यावर ‘बाबा, आई, गाडी’ असे तीन शब्द लिहिले आणि हे तिघे आले तर तुमच्या घरी काय म्हणतात, असे एकेकास विचारले. तेलुगूची दोन रूपे, कन्नडची तीन, दखनीची दोन आणि मराठीची तीन, अशी रूपे त्यांच्या त्यांच्या नावाखाली मांडली. मराठी मुलांस आपल्या भाषेचे नियम आहेत हेही त्या दिवशीच प्रथम कळले असावे. तास संपत आला तेव्हा तो विणकराचा मुलगा आपण होऊन उभा राहिला. ‘सर, आई येते, गाडी येते, वासरू पण येते, मग मराठीत तरी आई वेगळी कुठं आहे?’ प्रश्न अगदी मर्मावर होता. वर्तमानकाळाच्या एकवचनी रूपात मराठीही तेलुगूसारखीच वागते: तो येतो, आणि ती येते, ते येते. स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग तेथे एकरूप आहेत. त्यांची फारकत भूतकाळात होते, आली आणि आले. इतकी वर्षे मराठी बोलणाऱ्या बाकीच्या मुलांपैकी कोणाच्या हे ध्यानात आले नव्हते.

आमच्या मते अशा मुलांस मराठी शिकविताना प्रारंभ येथूनच करावा. प्रथम वर्तमानकाळ, जेथे दोन्ही भाषांची वाट एक आहे. मग भूतकाळ, जेथे ती फुटते. तेलुगू मुलास आई, ताई, बाई ह्यांची भूतकाळी रूपे घोटवून घ्यावीत. कन्नड मुलास त्यांची गरज नाही, त्याच्याकडून वही, खुर्ची, दरवाजा, फळा ही वस्तूंची नामे विशेषण लावून म्हणवून घ्यावीत, फाटकी वही, मोडकी खुर्ची, मोठा फळा. चुकीचा गुण कापावयाचा असल्यास खुशाल कापावा. पण कोणत्या नियमाऐवजी कोणता नियम लागला हे सांगून कापावा.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? इंग्रजीने लिंग टाकले, फारसीत नाही, बंगालीत नाही. मराठीनेही ते टाकून द्यावे. टाकता आले असते तर आम्हीही विचार केला असता. पण लिंग पुष्कळ ठिकाणी अर्थाचे काम करीत असते. ‘ते बोट कापले’ आणि ‘ती बोट बुडाली’ ह्यांत हाताचे बोट कोणते व समुद्रावरील कोणती, हे लिंगावरूनच कळते. एकाची बोटे होतात, दुसरीच्या बोटी. ‘फार वेळ गेला’ आणि ‘जेवणाची वेळ झाली’, ह्यांतला वेळ एक नव्हे. गावाच्या बाहेरील माळ तो, गळ्यातील माळ ती. शिवाय भाषेतील वस्तू अडगळ म्हणून कोणी ठराव करून बाहेर काढीत नसते. इंग्रजीतील लिंगेही कोणत्या सभेने काढली नव्हती.

शब्द घडविण्याच्या बाबतीतही हाच न्याय दिसतो. मास्तर हा शब्द बाहेरचा, पण मास्तरीण व मास्तरकी आमच्या घरची. फारसीचे प्रत्यय तर आपल्या शब्दांस इतके जडले की चवदार, भांडखोर, फुलदाणी ह्यांत अर्धे अंग परके आहे हे सांगूनही पटत नाही. इंग्रजीत फ्रेंच ‘ब्यूटी’ला इंग्रजी ‘फुल’ लागले, आणि इंग्रजी ‘गॉड’ला फ्रेंच वळणाचा ‘एस’ लागून ‘गॉडेस’ झाली, तसेच हे. मात्र एक फरक आहे. इंग्रजीने आपली ‘लूट’ नेली आणि तिचे तत्काळ क्रियापद करून ते चालविले. मराठीने फारसी-अरबीपासून बदलणे, खर्चणे, फर्मावणे अशी काही क्रियापदे केली. इंग्रजी धातू मात्र ती थेट चालवीत नाही. ‘चेक करतो’ म्हणतात, ‘चेकतो’ म्हणत नाहीत. पाहुण्यास नाम म्हणून ओसरीवर बसविले आहे. माजघरात काम ‘करणे’च करते.

पाहुणा घरचा केव्हा झाला, हे ओळखण्याची आमची खूण सामान्यरूपाची आहे. पैसा-पैशाचा, आरसा-आरशात, ह्या चालीवर आपण डोसा-डोशाचे असे सहज म्हणतो; ‘स’चा ‘श’ करावयास कोणी शिकविले नाही. पीठ-पिठाचे तसे तिकीट-तिकिटाचे. उपान्त्य अक्षरातील ऱ्हस्व-दीर्घाची ही घरगुती शिस्त तिकिटाने केव्हाच अंगी बाणविली. कॅमेरा-कॅमेऱ्यासमोर, सोफा-सोफ्यावर, हेही रुळले. ‘डेटा’ मात्र अद्याप ‘डेटाचा’च आहे, ‘डेट्याचा’ झालेला नाही. तो दाराशी उभा आहे, असे समजावे.

आणि आमच्याच घरी सध्या एक खटला पडून आहे. नात म्हणते, ‘आजोबांबरोबर सेल्फी काढली’. सूनबाई म्हणतात, ‘काढला’. नातीचे म्हणणे, शब्द ईकारान्त आहे. सूनबाईंचे म्हणणे, तो फोटो आहे आणि फोटो पुल्लिंगी. दोघींचीही बाजू शास्त्रास धरून आहे. शेजारच्या तेलुगू मावशींस विचारले, तर त्यांनी ‘सेल्फी काढले’ असे सांगितले.